घाई असेल तर ब्रेक लावा!

जालना जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही व्याख्यानासाठी गेलो होतो. कार्यक्रम सुरू व्हायला वेळ होता, म्हणून संगणक कक्षात डोकावलो. अकरावीचे चार-पाच विद्यार्थी एका संगणकाभोवती दाटीवाटीने बसले होते. पडद्यावर अवकाशयान चालवण्याचा सिम्युलेटर होता आणि गप्पा रंगात आल्या होत्या.

"इंधन संपलं? थांब, तुला आणायला दुसरं यान पाठवतो."

"नको बाबा! मागच्या बारीला आणायला आलेलाच अजून चंद्राला चकरा मारतोय."

"मग पुढच्याला गाठायला एवढ्या जोरात निघालास कशाला? घाई असली तर ब्रेक लावायचा असतो!"

हशा पिकला. आमच्यासोबतचे शिक्षक ओशाळले आणि 'खेळ पुरे' म्हणून त्यांनी मुलांना उठवले. आमच्या कानात मात्र ते शेवटचे वाक्य घोळत राहिले.

व्याख्यानात आम्ही तोच प्रश्न विचारला. दोन याने एकाच वर्तुळाकार कक्षेत एकामागोमाग फिरत आहेत. मागच्याने पुढच्याला गाठायचे असेल तर काय करावे? बहुतेकांनी 'वेग वाढवावा' असे उत्तर दिले. कक्षेतील वेगाचे सूत्र काही मिनिटांपूर्वी बिनचूक सांगणाऱ्यांचेही हेच उत्तर होते. मघाची मंडळी तेवढी 'ब्रेक' म्हणाली. पण का, असे विचारताच "तसंच होतं, सर" याच्या पुढे गाडी जाईना. म्हणजे काहींना सूत्र ठाऊक होते, काहींना घटना ठाऊक होती. पण दोन्हींची गाठ कोणाच्याच मनात पडलेली नव्हती. ती पडेल कशी, हे या लेखात पाहू या.

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना पुढची एस.टी. गाठायची असेल तर चालक वेग वाढवतो. रस्ता जागचा हलत नाही, म्हणून हा उपाय लागू पडतो. अवकाशात मात्र यानाची वाट त्याच्या वेगावरच ठरते. वेग बदलला की वाटच बदलते.

समजा, आपले यान ४०० किलोमीटर उंचीवरून फिरत आहे. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरली, तर कक्षेची त्रिज्या ६७७१ किलोमीटर होते. या कक्षेत यानाचा वेग सेकंदाला सुमारे ७.६७ किलोमीटर असतो आणि एका फेरीला ५५४५ सेकंद, म्हणजे साधारण साडेब्याण्णव मिनिटे लागतात. आता इंजिन उलट दिशेने चालवून वेग सेकंदाला फक्त १ मीटरने कमी करू. हा फरक आपल्या रमतगमत चालण्याच्या वेगाएवढाच आहे.

वेग घटल्यामुळे गुरुत्वाकर्षण यानाची वाट आधीपेक्षा किंचित जास्त वाकवते. यान पृथ्वीकडे थोडे घसरते आणि घसरता घसरता त्याचा वेग वाढतो, जसा उतारावर सायकलचा वाढतो. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला पोहोचेपर्यंत ते मूळ कक्षेपेक्षा सुमारे साडेतीन किलोमीटर खाली आलेले असते. तेथून ते पुन्हा वर चढते आणि ब्रेक लावला होता त्याच बिंदूपाशी परत येते. वर्तुळाची आता किंचित लंबवर्तुळ कक्षा झाली आहे आणि पृथ्वीपासूनचे सरासरी अंतर सुमारे पावणेदोन किलोमीटरने घटले आहे.

येथे केप्लरचा तिसरा नियम मदतीला येतो. परिभ्रमण काळाचा वर्ग हा सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. अंतर घटले की काळही घटतो. गणित केले तर ही फेरी सुमारे २.२ सेकंद आधी पूर्ण होते, असे दिसते. दोन सेकंदांची ती काय मातब्बरी, असे वाटेल. पण सेकंदाला ७.६७ किलोमीटर वेगाने तेवढ्यात साडेसोळा किलोमीटरहून अधिक अंतर कापले जाते! रस्त्यावरच्या हिशेबाने हेच यान एका फेरीत साडेपाच किलोमीटर मागे पडायला हवे होते. प्रत्यक्षात ते त्याच्या तिप्पट पुढे गेले. पुढचे यान नेमके तेवढ्याच अंतरावर असेल तर आता सेकंदाला १ मीटर वेग परत वाढवायचा; झाली गाठभेट.

उलट, पुढच्या यानाकडे तोंड करून इंजिन जोरात चालवले तर यान वर चढते, त्याची फेरी लांबते आणि ते मागे पडते. मग चालक आणखी जोर लावतो, आणखी मागे पडतो आणि इंधन संपवून बसतो. 'आणायला आलेला' चंद्राभोवती का अडकला असेल, ते आता ध्यानात येईल.

ही फजिती केवळ खेळातली नाही. जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ४ यानातून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच अग्निबाणाच्या रिकाम्या टप्प्याजवळ जाण्याचा प्रयत्न केला. ते टप्प्याच्या रोखाने यान ढकलत राहिले आणि तो हाती लागेना. अंतर मोजायला यानात रडार नव्हते, हेही एक कारण होतेच. अखेर इंधन वाचवण्यासाठी तो नाद सोडावा लागला. पुढे कक्षागणिताची शिस्त पाळून जेमिनी ६ए हे यान १५ डिसेंबर १९६५ रोजी जेमिनी ७ च्या अगदी निकट गेले.

आपल्या इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेचे उदाहरण तर ताजे आहे. ३० डिसेंबर २०२४ रोजी प्रत्येकी सुमारे २२० किलोग्रॅमचे दोन उपग्रह एकाच अग्निबाणातून सोडण्यात आले. सुटतानाच्या अत्यल्प वेगफरकाने त्यांच्यात एका दिवसात १० ते २० किलोमीटर अंतर पडावे, अशी योजना होती. जवळ आणताना एकदा हे अंतर अपेक्षेपेक्षा जास्त वाढू लागले, तेव्हा जोडणी पुढे ढकलावी लागली. घाई न करता टप्प्याटप्प्याने जवळ आणत १६ जानेवारी २०२५ रोजी ते जोडले गेले आणि हे साधणारा भारत चौथा देश ठरला.

आता त्या सिम्युलेटरकडे वळू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधक मार्टिन श्वाइगर यांचा 'ऑर्बिटर' २००० साली आला. तो विनामूल्य मिळतो. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' हा खेळ मेक्सिकोतील कंपनीने २०११ मध्ये आणला. 'ब्रेक लावला की पुढे जाल' असा नियम यांपैकी कोणातही लिहून ठेवलेला नाही. संगणक केवळ गुरुत्वाकर्षण आणि न्यूटनचे गतीचे नियम वापरून यानाची जागा क्षणाक्षणाला काढत जातो. ब्रेकची गंमत त्यातून आपोआप प्रकटते.

म्हणून शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते, की मुलांच्या अशा थट्टामस्करीत थोडे कान द्यावेत. ज्या चुकीवर मुले हसतात, तिथेच बहुधा शिकवण्याजोगे काही दडलेले असते. संगणक नसला तरी अडणार नाही. केप्लरचा नियम आणि साधा गणकयंत्र पुरे. कक्षा ४०० ऐवजी ३९० किलोमीटर उंचीवर धरून परिभ्रमण काळ काढायला सांगावा. तो सुमारे १२ सेकंदांनी कमी येतो. तेवढ्या वेळात मूळ कक्षेत किती अंतर कापले जाईल, तेही मोजू द्यावे.

त्या दिवशी व्याख्यान संपल्यावर हाच हिशेब आम्ही फळ्यावर मांडला. मघाशी मुलांना उठवणारे शिक्षक पुढे आले आणि त्यांनी खडू हाती घेऊन वर्गाला विचारले, "आता सांगा, पुढच्या यानालाच मागच्याची वाट पाहायची असेल, तर त्याने काय करावं?" उत्तर आपल्या वर्गातून येऊ द्या.