साच्यातून उतरलेली पद्मिनी

मुंबईच्या रस्त्यावर शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओमध्ये २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांच्या पुढे चालू देत नाहीत, हा मुंबईचा नियम. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळी-पिवळी गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून कायमची उतरली. इटलीच्या फियाट ११०० वरून बेतलेली ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात तयार होत असे. किती कामगारांच्या घरच्या चुली या गाडीवर पेटल्या, आणि किती टॅक्सीवाल्यांची मुले तिच्या भाड्यावर शिकून मोठी झाली, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

गाडी भंगारात गेली. घरात उरला फक्त एखादा फोटो. पण वाचकहो, तीच गाडी तळहातावर मावेल एवढी करून शोकेसमध्ये ठेवता आली तर? बाजारात फियाट टॅक्सीचे खेळणे मिळते, नाही असे नाही. पण आपल्या वडिलांची गाडी, तिचा तो कॅरियर, तो नंबर, पुढच्या बाजूला बाहेर बसवलेले ते मीटर, हे कोणताही कारखाना आपल्यासाठी करून देणार नाही. ते आपणच करावे लागते. आणि करता येते! घरच्या घरी साचा बनवून, त्यात रेझिन ओतून लहान मोटारी तयार करण्याचा हा छंद जगभर अनेक सामान्य माणसे जोपासतात. त्याची ही ओळख.

कारकुनाने सुरू केलेला खेळ

लहान मोटारींचा इतिहास पाहू गेल्यास तो एका कारकुनापाशी जाऊन पोहोचतो. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात फ्रँक हॉर्नबी हा गृहस्थ मांस आयात करणाऱ्या एका पेढीत हिशेब लिहीत असे. आपल्या मुलांसाठी त्याने घरी पत्र्याच्या पट्ट्या कापून, त्यांना भोके पाडून जोडखेळ तयार केला आणि १९०१ मध्ये त्याचे पेटंट घेतले. हाच खेळ पुढे ‘मेकॅनो’ नावाने प्रसिद्ध झाला. याच कंपनीने खेळण्यातल्या रेल्वेच्या शोभेसाठी छोट्या मोटारी काढल्या आणि १९३४ पासून त्या ‘डिंकी’ नावाने विकल्या जाऊ लागल्या. त्या रेल्वेचे माप होते एका फुटाला सात मिलिमीटर. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. त्याला सातने भागा, उत्तर येते साडेत्रेचाळीस. आज जगभर लहान मोटारींचे जे १:४३ हे विचित्र वाटणारे प्रमाण रूढ आहे, त्याचे मूळ या भागाकारात आहे.

डिंकीच्या मोटारी जस्ताच्या मिश्रधातूच्या असत. सुरुवातीच्या काही गाड्यांच्या जस्तात शिशाची किंचित भेसळ राहून गेली, आणि काही वर्षांनी त्या आपोआप तडकून भुगा झाल्या. मिश्रणात किंचित चूक झाली तरी सारे काम मातीमोल होते, हा धडा रेझिन ओतणाऱ्यानेही लक्षात ठेवावा. पुढे डिंकीचे काही जुने साचे आपल्या देशात आले आणि कलकत्त्यात ‘निकी टॉईज’ या नावाने त्यांतून मोटारी निघाल्या.

कारखान्याचा साचा पोलादाचा असतो. त्याला प्रचंड खर्च येतो. तो भरून काढायचा तर एकाच गाडीचे हजारो नग खपले पाहिजेत. म्हणून कारखाने खपणाऱ्याच गाड्या काढतात. ज्या गाडीला गिऱ्हाईक थोडे, ती मागे राहते. ही उणीव भरून काढली ती घराच्या कोपऱ्यात काम करणाऱ्या छांदिष्टांनी. फ्रान्स, इंग्लंड, अमेरिका, जपान या देशांत रबरी साचा आणि रेझिन यांच्या जोरावर अशा लोकांनी दहा-वीस, पन्नास-शंभर नगांचे काम सुरू केले. भांडवल थोडे आणि हाताचे कसब मोठे, असा हा मामला आहे.

आधी मूळ नमुना

साचा कशाचा घ्यायचा? तर मूळ नमुन्याचा. त्याला ‘मास्टर’ म्हणतात. खरी मेहनत येथेच आहे. पद्मिनीची लांबी सुमारे ३.९ मीटर. तिला ४३ ने भागले की सुमारे नऊ सेंटिमीटर येतात. रुंदी साडेतीन सेंटिमीटरच्या आत. बाहेरचे मीटर तर तांदळाच्या दाण्याएवढे! गाडीचे समोरून, बाजूने, मागून आणि वरून काढलेले फोटो याच मापात कागदावर उतरवून घ्यावेत.

नमुना मऊ लाकडात कोरावा. वरची गोलाई एम-सीलने भरावी. गॅरेजमध्ये डेंटिंगचे काम करणारे जी लांबी भरतात, तीही चालते. कानस आणि पॉलिश पेपर यांनी घासावे, प्रायमर मारावा, खड्डे दिसतील ते भरावेत, पुन्हा घासावे. दरवाजाची रेघ सुईने ओढावी. घाई नको. नमुन्यावर नखाचा एक ओरखडा राहिला, तर तो पुढे निघणाऱ्या प्रत्येक गाडीवर उमटेल. आजकाल काहीजण नमुना संगणकावर आखून थ्री-डी प्रिंटरवर काढून घेतात. तेही चांगलेच. पण घासणे काही चुकत नाही.

साचा घेण्याची रीत

साच्यासाठी सिलिकॉन रबर लागते. हे दोन भागांत मिळते. एक दाट पातळ रबर आणि दुसरा त्याला घट्ट करणारा द्रव. प्रमाण डब्यावर लिहिलेले असते. ते डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे, वजनकाट्यावरच मोजावे.

नवशिक्याने आधी भरीव गाडी करावी. नमुन्याचा तळ गुळगुळीत फळीवर चिकटवावा. चारही बाजूंनी आणि वर एक सेंटिमीटर जागा सोडून पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची चौकट उभी करावी आणि फटी मातीने बुजवाव्यात. रबर किती लागेल? सोपी युक्ती आहे. मिश्रण करण्याआधी चौकटीत नमुन्याच्या वरपर्यंत कोरडे तांदूळ भरा, ते तांदूळ मापाच्या पेल्यात ओता, तेवढेच रबर लागेल. आपल्या पद्मिनीला साधारण ३०० ते ३५० ग्रॅम पुरते. मिश्रण एका कोपऱ्यात, उंचावरून, बारीक धारेने ओतावे. धार बारीक असली की आतले बुडबुडे ताणून फुटतात. रबर स्वतःहून पसरत नमुन्यावर चढते. मग दिवसभर त्याला हात लावू नये. दुसऱ्या दिवशी चौकट काढून साचा उलटा करून ताणला की नमुना मोकळा होतो.

हात बसल्यावर पोकळ गाडीकडे वळावे. तिच्या खिडक्या आरपार असतात, म्हणून साचा दोन भागांचा लागतो. एक भाग बाहेरच्या अंगाचा, दुसरा आतल्या पोकळीचा. नमुनाही पोकळ हवा. त्याचे आतले अंग आणि खिडक्या मातीने भरून बाहेरच्या बाजूने पहिला भाग ओतावा. तो घट्ट झाला की उलटून माती काढावी आणि आतल्या बाजूने दुसरा भाग ओतावा. माती बसवताना कडेला पेनच्या टोपणाने तीन-चार खळगे पाडावेत, म्हणजे दोन्ही भाग एकमेकांत नेमके बसतात. येथे एक गोष्ट विसरलात तर सारे फुकट! सिलिकॉनला दुसरे काही चिकटत नाही, पण सिलिकॉनला सिलिकॉन मात्र घट्ट चिकटते. म्हणून दुसरा भाग ओतण्यापूर्वी पहिल्यावर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवावा.

ओतकाम आणि पावसाळा

लहान गाड्यांसाठी पॉलियुरेथेन रेझिन सोयीचे. दोन बाटल्या येतात. त्यांतले द्रव सांगितलेल्या प्रमाणात मिसळले की काही मिनिटांतच घट्ट होतात. साच्यात आधी टाल्कम पावडर भुरभुरून झटकावी, म्हणजे रेझिन कानाकोपऱ्यात शिरते. दोन भागांचा साचा दोन फळ्यांमध्ये धरून रबरबँड लावावेत. फार आवळले तर गाडीच वाकडी निघते.

माझा पहिला प्रयोग जुलै महिन्यातला. साच्यातून गाडी निघाली ती लादीपावासारखी फुगून! मी वाणिज्य शाखेचा माणूस, मला वाटले माप चुकले. माप बरोबर होते. चूक हवेची होती. या रेझिनमधील आयसोसायनेट नावाच्या रसायनाची पाण्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. पावसाळ्यातली दमट हवा, सर्दावलेली पावडर, ओली काडी, एवढे त्याला पुरते. तेव्हा बाटल्यांची झाकणे लगेच घट्ट लावावीत आणि हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत करावे. पावसाळ्यात करायचेच असेल तर इपॉक्सी रेझिन वापरावे. ते सावकाश घट्ट होते, पण दमट हवेला इतके बिचकत नाही.

निघालेली गाडी साबणाने धुवावी. कडेची जादा पापडी पात्याने कापावी, बुडबुड्यांचे खड्डे भरावेत. छप्पर वाकले असेल तर गरम पाण्यात बुडवून मऊ झाल्यावर सरळ करावे. रंग देताना पिवळा आधी, काळा नंतर. काळ्यावर पिवळा नीट बसत नाही. काचेसाठी पारदर्शक फिल्म आणि आसासाठी बारीक तार चालते.

छंद जिवावर बेतू नये

आता सर्वांत महत्त्वाचे. आपली घरे लहान. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत पाळणा. अशा घरात दार लावून हे काम करणे म्हणजे विषाशी खेळ होय. आयसोसायनेट हा शब्द भोपाळने आपल्याला शिकवला आहे. १९८४ च्या डिसेंबरमध्ये तेथे सुटलेला वायू याच कुळातला होता. रेझिनमधले रसायन सहसा त्याच्यासारखे झटकन उडून जाणारे नसते, हे खरे. पण त्याच्या वाफेने दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोडीशी वाफही छातीला सोसत नाही. म्हणून हे नियम पाळलेच पाहिजेत.

ओतकाम गच्चीवर किंवा मोकळ्या हवेत करावे, मुलांना दूर ठेवून. ज्यांना दमा आहे, त्यांनी हे काम करूच नये. रुमाल किंवा कापडी मास्क धुळीलाही पुरा पडत नाही, वाफेला तर अजिबात नाही. सेंद्रिय वाफांसाठीचा, कोळशाच्या डबीचा मास्क लागतो. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. इपॉक्सी कातडीला लागून लागून खाज आणि फोड येतात. रेझिन घासताना पाण्यात बुडवून ओले घासावे, म्हणजे धूळ छातीत जात नाही. कामाची वाटी, चमचा पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. उरलेले रेझिन मोरीत ओतू नये, घट्ट झाल्यावर कचऱ्यात टाकावे.

फायबरग्लासच्या कामाचे पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडते म्हणून कोणी आणील, तर त्याने याद राखावी. त्याचा हार्डनर आणि कोबाल्ट हे दोन द्रव एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. स्फोट होतो. मोठे कारागीर बुडबुडे दाबण्यासाठी हवेच्या दाबाचे खास भांडे वापरतात. त्याची नक्कल म्हणून घरच्या प्रेशर कुकरला पंप जोडण्याचा उद्योग कोणी करू नये.

हिशेब आणि इमान

पैशाचे काय? रबर आणि रेझिनच्या किमती बदलत असतात, पण हिशेबाची रीत बदलत नाही. एका पोकळ गाडीला १५ ते २० ग्रॅम रेझिन लागते. वाया जाणारे धरले तरी एका किलोत चाळीस गाड्या निघाव्यात. खरा खर्च साच्याचा. एक साचा नीट वापरला तर वीस-पंचवीस गाड्या देतो, मग त्याच्या कडा फाटू लागतात. तेव्हा एकट्याने एकच गाडी केली तर ती महाग पडते. चार-पाच घरांनी मिळून एक साचा केला, वर्गणी काढली, तर तीच गाडी हलकी पडते. पगारातून उसनवारी करून मात्र छंद करू नये.

आणि एक गोष्ट इमानाची. दुकानातून दुसऱ्याने घडवलेली गाडी आणायची, तिच्यावर साचा घ्यायचा आणि नकला विकायच्या, ही सरळ चोरी आहे. महिनोन्‌महिने घासून ज्याने नमुना केला, त्याची मजुरी आपण खिशात घालतो. कष्टकऱ्याच्या घरात मजुरी बुडवण्याचे दुःख काय असते, हे वेगळे सांगायला नको. नमुना आपला असावा. वाकडा असेना का, पण आपला असावा.

मुलांनी घासकाम करावे, मापे काढावीत, भागाकार करावेत. रसायन मोठ्यांनी हाताळावे. आजोबांनी मीटर कुठे होते, कॅरियर कसा होता ते सांगावे. गाडी पुरी होईतो त्या घरात जेवढ्या आठवणी निघतील, तेवढ्या एरवी कधी निघाल्या नसत्या. नंबर प्लेटवर घरच्या गाडीचा नंबर बारीक कुंचल्याने घाला. ज्या हातांनी ती टॅक्सी वीस वर्षे चालवली, त्या थरथरत्या तळहातावर ती नऊ सेंटिमीटरची पद्मिनी एकदा ठेवून पाहा. केलेल्या कष्टाचे चीज तेथेच होईल.