कातडी भरली, डोळे गेले

इचोडा हे आदिलाबाद जिल्ह्यातील, नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे गाव. समजा, तेथील एखाद्या गृहस्थाला फेफऱ्यावरची किंवा सल्फाची गोळी सुरू झाली. दोन आठवड्यांत ताप येतो, तोंड सोलवटते, अंगावर फोड उठतात, डोळे लाल होऊन चिकटतात. घरची माणसे म्हणतात, अंगात उष्णता उठली. आणि गोळी चालूच राहते!

या व्याधीला स्टीव्हन्स-जॉन्सन व्याधी म्हणतात. १९२२ साली त्या दोन अमेरिकन डॉक्टरांनी तिचे वर्णन केले, तेव्हा डोळ्यांच्या दाहाचा उल्लेख लेखाच्या मथळ्यातच होता. ही व्याधी विरळा खरी. पण जिवावर बेतणारी. जीव वाचला, कातडी भरून आली, की रुग्ण घरी परततो आणि सर्वांना हायसे वाटते. खरी फसगत येथेच होते. पापणीच्या आतल्या काठावर खरखरीत व्रण राहतो. प्रत्येक उघडझापीला तो बुबुळावरच्या पारदर्शक पटलावर घासतो. अश्रू आटतात, पापण्या डोळ्याला चिकटतात, आणि काही वर्षांत दृष्टी मालवते. अशा कोरड्या डोळ्यात नेत्ररोपणही सहसा टिकत नाही.

हे टाळता येते. पहिल्या आठवड्यातच नेत्रतज्ज्ञाने गर्भवेष्टनाचे पातळ पटल डोळ्यावर बसविले, तर पुष्कळ हानी वाचते. पुढे पापणीच्या काठावर ओठाच्या आतील अस्तराचे कलम करता येते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने या शस्त्रक्रियेत मोठे काम केले आहे. पण इचोड्याहून हैदराबाद अडीचशे किलोमीटरहून दूर. रोगाला मात्र पहिले सात दिवसच पुरतात.

इचोड्याची ही चिंता आम्हां किनाऱ्यावरच्यांना परकी नाही. गोळ्या त्याच आहेत, आणि दुकानातून चिठ्ठीवाचून घेण्याची आमची सवयही तीच आहे. म्हणून तीन गोष्टींचा आग्रह आम्ही धरतो. नव्या औषधानंतर तोंड, डोळे व अंग एकदम सोलवटले, तर औषध थांबवून त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. तेथे कातडीच्या डॉक्टरबरोबर डोळ्यांचा डॉक्टरही पहिल्याच दिवशी बोलवावा. आणि रुग्णाला घरी पाठविताना बाधलेल्या औषधाचे नाव त्याच्या भाषेत, ठळक अक्षरांत लिहून द्यावे. एवढी एक चिठ्ठी खिशात असली, तर तेच औषध पुन्हा पोटात जाण्याचा अनर्थ टळेल.