मधली दहा मिनिटं

एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात मुंबई सेंट्रलचं एक मोठं खासगी रुग्णालय सील झालं. २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर कोविडबाधित. बरं व्हायला जायचं तिथेच आजार मुक्कामाला! ती बातमी डोक्यातून जाईना. म्हणून दुसरी लाट ओसरताना एका सरकारी रुग्णालयाच्या आयसीयूतली सफाई बघायला गेले.

एक खाट नुकतीच रिकामी झाली होती. चादर निघाली, नळ्या लाल पिशवीत गेल्या. सफाई करणाऱ्या मावशींनी पाच टक्क्यांच्या हायपोत, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, चौपट पाणी घातलं. दोन मास्कमधूनही तो वास नाकात चढला, डोळे चुरचुरले. गादीचं रेक्झिन, बाजूचं टेबल, स्विच, सगळं त्यांनी ओलं केलं. लोखंडी कठड्याला मात्र स्पिरिट. "हायपोनं गंजतं ते." मग त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

दारातून वॉर्डबॉय ओरडला, "मावशी, झालं का? पेशंट ट्रॉलीवर आहे."

"दहा मिनिटं."

"अहो, पण..."

"दहा मिनिटं ओलं राहू दे. लगेच पुसलं तर मेहनत फुकट."

कोविड मुख्यतः हवेतून पसरतो, हे आता आपल्याला माहीत आहे. तिथे उघडी खिडकी फडक्यापेक्षा मोठी. पण आयसीयूत क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर असे जिवाणू जुने रहिवासी असतात. ते हातांवरून, नळ्यांवरून, खाटांवरून फिरतात. पीपीईच्या घामट तासांत तेच हातमोजे या रुग्णाकडून त्या रुग्णाकडे गेले, की त्यांची सोयच झाली. आयसीएमआरने दहा रुग्णालयांतल्या १७,५३४ कोविड रुग्णांच्या नोंदी तपासल्या. कोविडखेरीज असा दुसरा संसर्ग झालेले फक्त ३.६ टक्के, पण त्यांच्यातले ५६.७ टक्के दगावले. एकूण रुग्णांत हेच प्रमाण १०.६ टक्के होतं. मुळात जास्त आजारी असलेल्यांनाच असा संसर्ग गाठतो, हे मान्य. तरी आकडा बोचतो.

मावशी कंत्राटी. त्या पाळीत अख्ख्या आयसीयूला त्या एकट्या. ट्रॉलीवर माणूस धापा टाकत असताना थांबायचं कसं, हा प्रश्न डॉक्टरांच्या आधी त्यांच्यापुढे येतो. त्या दिवशी त्या थांबल्या. रोज थांबता येतं का, असं विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही आलात म्हणून आज जरा ऐकलं त्यानं."

साथीत आपण खाटा मोजल्या, व्हेंटिलेटर मोजले. दोन रुग्णांमधली ही दहा मिनिटं कुणाच्याच हिशेबात नव्हती. ती हवी असतील, तर पाळीला आणखी एक मावशी लागेल. व्हेंटिलेटरपेक्षा ते नक्कीच स्वस्त आहे.