शेल-स्क्रिप्टची सुबोधता व विश्वसनीयता
बीडनजीक पाली येथील बिंदुसरा तलावाच्या पाणीपातळीच्या नोंदी एका शेल-स्क्रिप्टने संकलित होतात, अशी कल्पना करू. नोंदींच्या निर्देशिकेतून 'सीडी' आज्ञेने तात्पुरत्या निर्देशिकेत जावयाचे व 'आरएम'ने तेथील फायली पुसावयाच्या. ती निर्देशिकाच नसल्यास पहिली आज्ञा विफल होते. परंतु शेल थांबत नाही व मूळ नोंदीच नष्ट होतात. १९७९ च्या बोर्न शेलपासून हीच रीत चालत आली आहे. दोन्ही आज्ञा '&&' या चिन्हाने जोडल्यास पहिली सफल झाल्यावाचून दुसरी चालत नाही. चलांची नावे अर्थवाही असावीत व त्यांचा वापर दुहेरी अवतरणचिन्हांत करावा. अन्यथा फाईलच्या नावातील रिकाम्या जागेमुळे एका नावाची दोन होतात. जी स्क्रिप्ट दुसऱ्यास वाचता येते, तिच्यातील चूकच वेळीच दृष्टीस पडते.