हिशेबाच्या वहीत माणूस : वर्ध्याचे जे. सी. कुमारप्पा

'विकास' हा शब्द आपण रोज ऐकतो. गावात रस्ता झाला, वीज आली, कारखाना उभा राहिला, की विकास झाला असे आपण मानतो. पण या विकासाचा जमाखर्च कोणी मांडायचा आणि त्यात काय काय धरायचे? हा प्रश्न आयुष्यभर विचारणाऱ्या एका ख्रिस्ती अर्थतज्ज्ञाची कर्मभूमी वर्धा होती. जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा हे त्यांचे नाव. आपल्या धर्मग्रामांतून ते क्वचितच ऐकू येते. म्हणून त्यांच्या विचारांची ही ओळख.

हिशेबतपासनीस ते संशोधक

४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनमध्ये शिक्षण घेऊन ते मुंबईत हिशेबतपासनिसाचा व्यवसाय करू लागले. पुढे अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात त्यांनी सरकारी करव्यवस्था आणि भारताचे दारिद्र्य यांचा संबंध अभ्यासला. तेथेच त्यांच्या विचारांना कलाटणी मिळाली. १९२९ साली साबरमती येथे त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. गांधीजींच्या सूचनेवरून त्यांनी गुजरातेतील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली. शेतकऱ्याच्या हाती काय येते आणि सारा म्हणून त्याला काय द्यावे लागते, याचा हिशेब त्यांनी गावोगाव फिरून मांडला.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेवर, मगनवाडीत, संघाचे काम सुरू झाले आणि कुमारप्पा त्याचे मंत्री झाले. तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन, हातसडीचा तांदूळ यांवर तेथे प्रयोग होत. १९३८ साली मध्य प्रांत व वऱ्हाडच्या सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष झाले. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या जमीनसुधारणा समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. त्या समितीने १९४९ साली आपला अहवाल दिला. संशोधन, प्रत्यक्ष काम आणि शासनाचे धोरण ही तीन टोके त्यांनी अशी एकत्र बांधली.

निसर्गातील पाच अर्थव्यवस्था

१९४२च्या आंदोलनानंतर ते जबलपूरच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी दोन महत्त्वाची पुस्तके लिहिली. एक येशूच्या आचारावर व उपदेशावर, तर दुसरे शाश्वत अर्थव्यवस्थेवर. एकाच कोठडीत एकाच लेखणीतून ती उतरली. त्यांच्या दृष्टीने हे दोन विषय वेगळे नव्हतेच.

दुसऱ्या पुस्तकात त्यांनी पाच प्रकार सांगितले आहेत. वाघ मेंढीला मारून जगतो. माकड आंबा खाते, पण झाडासाठी काही करीत नाही. मधमाशी मध घेते आणि घेता घेता फुलाचे परागीभवनही करते. तीच माशी स्वतःपुरते न पाहता साऱ्या पोळ्यासाठी राबते, हा चौथा प्रकार. पाचवा प्रकार पिलांना भरवणाऱ्या पक्षिणीचा. तिला परतफेडीची अपेक्षा नसते. माणसाचा व्यवहारही यांपैकी कोणत्या तरी प्रकारात बसतो आणि पहिल्याकडून पाचव्याकडे जाणे म्हणजेच प्रगती, असे कुमारप्पांचे म्हणणे.

कोळसा व खनिज तेल यांचा साठा वापराबरोबर संपत जातो. शेती, जंगल आणि श्रम यांचे मात्र दरवर्षी नूतनीकरण होते. साठ्यावर उभी राहिलेली अर्थव्यवस्था त्या साठ्यासाठी भांडणे आणि युद्धे ओढवून आणते, असा इशाराही त्यांनी दिला होता.

मगनवाडीतून जगाकडे

ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळाचे २० वर्षे सल्लागार असलेले अर्थतज्ज्ञ ई. एफ. शूमाखर यांनी आपल्या 'स्मॉल इज ब्यूटिफुल' या १९७३च्या ग्रंथात कुमारप्पांच्या लेखनाचा आधार घेतला. शूमाखर यांनी १९७१ साली कॅथोलिक धर्म स्वीकारला होता. पोप सहावे पॉल यांनी १९६७ साली आपल्या परिपत्रकात खरा विकास संपूर्ण माणसाचा आणि प्रत्येक माणसाचा असला पाहिजे, असे शिकवले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी'मध्ये पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले. मगनवाडीतील विचार या शिकवणीपासून दूर नाही.

आज काय?

२००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर मदतयोजना जाहीर केली, त्यांत वर्धाही होता. जेथे शाश्वत अर्थव्यवस्थेचे चिंतन झाले, तेथीलच कापूस उत्पादक कर्जाने वाकला. बियाणे विकत, खत विकत, औषध विकत आणि पिकाचा भाव मात्र दुसऱ्याच्या हाती. अशा शेतकऱ्याच्या दारी प्रश्नावली घेऊन अनेक अभ्यासक येतात. त्यांच्या अभ्यासाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु अहवाल लिहून झाल्यावर त्या घरात काय उरते, हे विचारलेच पाहिजे.

हाच प्रश्न आपल्यालाही लागू आहे. धर्मग्रामात एखादी समाजकार्याची योजना आखताना किती निधी आला आणि किती खर्च झाला, एवढाच हिशेब पुरेसा नाही. कोणाचे श्रम वाचले, कोणाचा रोजगार गेला, काम कोणाला विचारून ठरले, हेही वहीत यायला हवे. ३० जानेवारी १९६० रोजी मदुराई येथे निवर्तलेल्या या हिशेबनिसाने आपल्याला ती वही उघडून दिली आहे. तिच्यातील रकाने भरण्याचे काम आपले आहे.