मोठा चार्जर, लहान बॅटरी : जोडण्याआधी विचारायचे चार प्रश्न

— ऊस विकास अधिकारी



ऊस नोंदणीच्या निमित्ताने गटवार फिरताना एक प्रश्न आम्हाला गावोगाव विचारला जातो. तो लागवडीचा नाही, खताचाही नाही. प्रश्न असा : "साहेब, भंगारात मोबाईल टॉवरचा मोठा चार्जर मिळून राहिला. विजेच्या स्कूटरले लावला तर चालते काय? कंपनीचा चार्जर पाच तास घेते."

प्रश्न रास्त आहे. आपल्या भागात विजेच्या स्कूटर आल्या, ई-रिक्षा आल्या, आणि फवारणीचा बॅटरी पंप तर घरोघर आहे. लाईट पाळीने येते. ती आहे तेवढ्यात बॅटरी भरून घ्यावी असे कोणाही कास्तकाराला वाटणारच. परंतु या प्रश्नाला नुसते "हो" किंवा "नाही" असे उत्तर देता येत नाही. आम्ही शेतकीचे माणूस. म्हणून कारखान्याच्या विद्युत विभागातील मंडळींबरोबर बसून हिशेब मांडला. तो येथे देत आहोत.

ही युक्ती कोठून आली

टॉवरवरचा 'रेक्टिफायर' म्हणजे घरच्या २३० व्होल्टच्या विजेपासून साधारण ४८ व्होल्टची बॅटरीची वीज करणारे यंत्र. एक नग तीन हजार वॅटपर्यंतचा असतो. स्कूटरचा घरगुती चार्जर साडेसातशे वॅटच्या आसपास असतो. म्हणजे टॉवरचा नग चौपट ताकदीचा, आणि भंगारात स्वस्त.

परदेशात 'एकचाकी' नावाची विजेची गाडी हौशी लोक चालवतात. एकच चाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला जागा, आणि तोल सांभाळायला आत यंत्र. तिच्या मोठ्या बॅटरीला मूळ चार्जरवर रात्रभर लागते. म्हणून या मंडळींनी टेलिफोन केंद्रातले आणि संगणक केंद्रातले जुने पुरवठा-संच जोडून जलद चार्जर तयार केले. त्यातले जाणकार लोक व्होल्टेज मोजून, करंटला मर्यादा घालून, फ्यूज बसवून मगच वायर जोडतात. आपल्याकडे येताना यंत्र तेवढे आले, मोजमाप मागेच राहिले. काळजी आहे ती एवढीच.

अवजार आधी गावात येते आणि त्याची रीत मागून येते, याची किंमत आपल्या यवतमाळ जिल्ह्याने मोजलेली आहे. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात विषबाधेने जिल्ह्यातली वीसहून अधिक माणसे गेली. ते प्रकरण वेगळे, पण धडा तोच.

पहिला प्रश्न : व्होल्टेज नेमके किती?

ठिबकवाल्या सभासदांना हे लगेच समजेल. व्होल्टेज म्हणजे पाण्याचा दाब आणि अँपिअर म्हणजे पाण्याचा लोंढा. लॅटरलला साधारण एक किलो दाब पुरतो. बायपास बंद करून पाच एच.पी. मोटरचा सगळा दाब आत सोडला तर ड्रिपर उडतात. बॅटरीचेही तसेच आहे.

आता "४८ व्होल्टची बॅटरी" हे नुसते नाव आहे. आत किती सेल आहेत आणि कोणत्या जातीचे आहेत यावर पूर्ण भरल्याचे व्होल्टेज ठरते. उसात जशी को ८६०३२ वेगळी आणि कोसी ६७१ वेगळी, तशाच लिथियमच्याही जाती आहेत. निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीचा सेल ४.२ व्होल्टला भरतो, लोह-फॉस्फेट जातीचा ३.६५ व्होल्टला. म्हणून :

पहिल्या जातीचे १३ सेल असतील तर ५४.६ व्होल्ट;
त्याच जातीचे १४ सेल असतील तर ५८.८ व्होल्ट;
लोह-फॉस्फेटचे १६ सेल असतील तर ५८.४ व्होल्ट.

दुकानात तिन्हींना "४८ ची" म्हणतात. ५८.४ चा चार्जर चुकून १३ सेलच्या बॅटरीला लावला तर प्रत्येक सेलवर जवळजवळ साडेचार व्होल्ट पडतात. ४.२ च्या वर चढलेला सेल तापतो, फुगतो आणि पेटूही शकतो. एकचाकीत तर ८४, १००.८, १२६ आणि १३४.४ व्होल्टच्या बॅटऱ्या आहेत. तेथे एक-दोन व्होल्टची चूक झाली तरी उतारावर गाडी स्वतःच वीज परत भरू लागते, आधीच तुडुंब भरलेल्या बॅटरीत ती मावत नाही, आणि स्वार तोंडावर पडू शकतो.

दुसरा प्रश्न : बॅटरी किती घेऊ शकते?

भरण्याचा वेग चार्जर ठरवत नाही, बॅटरी ठरवते. या लेखातले एवढे एक वाक्य लक्षात राहिले तरी पुरे.

तीन युनिटची स्कूटरची बॅटरी घ्या. ४८ व्होल्टच्या हिशेबाने ती ६० अँपिअर-तासांच्या जवळपास होते. अशा पुष्कळ बॅटऱ्यांना तासाला निम्म्याहून जास्त भरू नये अशी मर्यादा असते, म्हणजे ३० अँपिअर. टॉवरचा नग ५५ अँपिअर सोडतो, आणि रिकामी बॅटरी मिळेल तेवढे ओढते. म्हणजे जवळजवळ दुप्पट. युरियाची सगळी मात्रा एकदम टाकली म्हणून ऊस दोन महिन्यांत कांड्यावर येत नाही. हप्त्यांनीच द्यावी लागते. त्यातही शेवटचा भाग बॅटरी सावकाशच घेते, कितीही मोठा चार्जर लावा.

बरे, करंट ३० अँपिअरवर बांधून घेतला तरी मिळते काय? साडेचार तासांचे काम अडीच तासांवर येते. दोन तास वाचतात. त्या दोन तासांसाठी हजारो रुपयांची बॅटरी पणाला लावायची की काय, हे ज्याने त्याने ठरवावे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असे व्हायला नको.

हीच गोष्ट फवारणी पंपाची. आत १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची शिशाची बंद बॅटरी असते. तिला दोन अँपिअरच्या आसपास करंट योग्य. पुष्कळ जण ती ट्रॅक्टरची बॅटरी भरणाऱ्या दहा-वीस अँपिअरच्या चार्जरला लावतात. मग "बॅटरी फुगली, कंपनीने फसवले" अशी तक्रार येते. फसवले कोणी, ते चार्जरच्या पाटीवर लिहिलेले असते.

तिसरा प्रश्न : थांबवणार कोण?

लिथियम बॅटरीच्या पेटीत 'बी.एम.एस.' नावाचा पहारेकरी असतो. एखादा सेल जास्त भरला, करंट जास्त आला की तो वाट बंद करतो. काही कारागीर चार्जिंगची पिन मोठा करंट सोसत नाही म्हणून सरळ मोटरकडे जाणाऱ्या तारांना चार्जर जोडतात. पुष्कळ बॅटऱ्यांत असे केले की पहारेकऱ्याला बगल मिळते. दाराला राखणदार ठेवायचा आणि माल मागच्या भिंतीतून काढायचा, त्यातला हा प्रकार.

कंपनीच्या नव्या स्कूटरमध्ये तर चार्जर आणि बॅटरी आपसात संकेत देतात. परका चार्जर ती घेत नाही. घ्यायला लावण्यासाठी पेटी उघडली की हमी गेली.

आणखी एक धोक्याची गोष्ट. जास्त व्होल्टेज काढण्यासाठी दोन-तीन नग सिरीजमध्ये जोडतात. काही नगांत बाहेरची पेटी, ऋण टोक आणि अर्थिंग एकच असते. मग शॉर्ट होऊ नये म्हणून अर्थिंगची वायरच तोडतात. अशा नगाच्या पेटीत वीज उतरली आणि ओल्या हाताचा माणूस टेकला, तर पुढचे सांगायला नको. अर्थिंग तोडलेला चार्जर घरात ठेवूच नये.

चौथा प्रश्न : वायरिंग आणि जागा कशी आहे?

तीन हजार वॅट देणारा नग लाईनमधून थोडे जास्तच घेतो. २३० व्होल्टला साडेचौदा अँपिअर. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १९० वर उतरले की तोच नग साडेसतरा अँपिअरपर्यंत ओढू पाहतो. व्होल्टेज कमी म्हणजे करंटही कमी, असा हिशेब येथे चालत नाही. मोबाईल लावायच्या लहान सॉकेटवर आणि एक मिलिमीटरच्या जुन्या वायरवर हा भार टाकला तर आधी प्लग वितळतो, मग भिंत काळी होते.

आता जागेचे. आपला जिल्हा कापसाचा. उसाची तोड चालू असते त्याच दिवसांत घरातल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला असतो. गोठ्याशेजारी कडबा आणि पऱ्हाटी, कोपऱ्यात डिझेलचा कॅन. तेथे एक ठिणगी म्हणजे वर्षाची कमाई.

आग शहरातही लागते. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या स्कूटरने पेट घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. घरची माणसे झोपेत होती. सात वर्षांचा मुलगा भाजला आणि पुढे दवाखान्यात गेला. तेथे भंगारातला चार्जर होता असे आम्ही म्हणत नाही. एरवीही बॅटरी दगा देऊ शकते, मग परका चार्जर लावून धोका वाढवावा कशाला, एवढेच म्हणणे आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारने बॅटरी आणि चार्जरच्या सुरक्षिततेचे ए.आय.एस. १५६ हे नियम कडक केले. ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. गाडी घेताना ती या नियमात बसते काय, हे विक्रेत्याला जरूर विचारावे.

उन्हाचेही भान हवे. लिथियम सेल भरताना सर्वसाधारणपणे ४५ अंशांच्या आत असावा लागतो. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा तेथे टेकतो. टिनाखाली विचारू नका. वावरातून आलेली तापलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये, तासभर निवू द्यावी.

सभासदांनी एवढे करावे

१. ज्या बॅटरीचा चार्जर, तो तिलाच. संध्याकाळी सहाला लावला की झोपायच्या आत बॅटरी भरते. झोपताना प्लग काढावा.

२. दुसरा चार्जर वापरायचाच असेल तर बॅटरीची आणि चार्जरची, दोन्ही पाट्या वाचाव्यात. भरल्याचे व्होल्टेज, जास्तीत जास्त करंट आणि सेलची जात जुळली पाहिजे. पाटी नसलेला चार्जर घेऊ नये.

३. जाणकाराकडून व्होल्टेज आणि करंट दोन्ही बांधून घ्यावे. बॅटरीकडे जाणाऱ्या तारेत योग्य फ्यूज टाकावा. जोडणी चार्जिंगच्या पिनेतूनच करावी. पहिल्यांदा पूर्ण भरेपर्यंत शेजारून हलू नये.

४. मोठ्या चार्जरसाठी मीटरपासून वेगळी तांब्याची वायर, १६ अँपिअरचे सॉकेट, चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. बसवावी.

५. चार्जिंग ओसरीत, मोकळ्या हवेत करावे. कापूस, कडबा, पाचट, डिझेल यांपासून दूर. आणि घराच्या एकुलत्या एक दाराच्या वाटेवर तर कधीच नको.

६. फुगलेली, पडलेली, पाण्यात भिजलेली लिथियम बॅटरी पुन्हा भरू नये. धूर दिसला तर जवळ न जाता मेन स्विच पाडता आला तर पाडावा, माणसे आणि जनावरे बाहेर काढावीत, अग्निशमन दलाला कळवावे. तो धूर विषारी असतो, आणि विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते.

ज्या सभासदांनी असा चार्जर आधीच घेऊन ठेवला असेल त्यांनी तो टाकून द्यावा असे नाही. त्याच्या पाटीचा आणि बॅटरीच्या पाटीचा फोटो घेऊन आपल्या गटाच्या फिल्डमनकडे द्यावा. आम्ही तो विद्युत विभागाला दाखवून, जुळतो की नाही, ते कळवू. तोपर्यंत मात्र जोडू नये.