बी.ए. की बी.एम.? संगीतासाठी अमेरिकी कॉलेज निवडताना

‘मला संगीतातच डिग्री करायची आहे,’ असं अकरावीतल्या मुलीने जाहीर केलं की आईवडिलांच्या डोळ्यांपुढे एक तर ज्युलियार्ड येतं, नाहीतर फाटक्या खिशाचा कलावंत. या दोहोंच्या मधे अमेरिकेतली लिबरल आर्ट्स कॉलेजं आहेत. छोटी, निवासी, साधारण हजार ते तीन हजार विद्यार्थ्यांची, आणि जवळजवळ सगळं शिक्षण पदवीपर्यंतचंच. घर न्यू जर्सीतलं असो की पुण्यातलं, या कॉलेजांबद्दल ऐकीव माहितीच जास्त फिरते.

त्यातली एक लगेच निकालात काढू. ही ‘आर्ट्स साइड’ची कॉलेजं नव्हेत. गणित, भौतिकशास्त्र तिथे असतंच, स्वार्थमोरमध्ये तर इंजिनिअरिंगचीही पदवी मिळते. मेजर विषय सहसा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला ठरवायचा असतो. पुढे डॉक्टर व्हायचं असेल तर ठरावीक विज्ञान विषय पुरे करावे लागतात, पण मेजर संगीत असलं तरी अडत नाही.

खरा घोळ ‘संगीताची डिग्री ती डिग्री, कुठूनही घ्या’ या समजुतीने होतो. डिग्र्या दोन आहेत आणि त्यांचा रोजचा दिवसच वेगळा असतो. बी.एम. म्हणजे बॅचलर ऑफ म्युझिक. त्यात सुमारे दोन तृतीयांश अभ्यास संगीताचाच असतो आणि प्रवेश मुख्यतः ऑडिशनवर ठरतो. बी.ए.मध्ये संगीताचा वाटा ढोबळमानाने एक तृतीयांश, बाकी वेळ इतर विषयांना. इथे प्रवेश शाळेच्या गुणांवर आणि एकूण अर्जावर होतो. गायन-वादनाचं रेकॉर्डिंग जोडता येतं, पण ते पूरक म्हणून. विल्यम्स, ॲम्हर्स्ट, स्वार्थमोर इथे संगीतात बी.ए.च मिळते. ओबर्लिन आणि लॉरेन्स या कॉलेजांच्या पोटात मात्र स्वतंत्र कॉन्झर्व्हेटरी आहे, तिथे बी.एम. होते. ओबर्लिनची कॉन्झर्व्हेटरी १८६५ची. मिनेसोटातलं सेंट ओलाफ बी.ए. आणि बी.एम. दोन्ही देतं.

मग बी.ए. म्हणजे हौशी लोकांची पदवी का? स्टीफन सोंडहाइम १९५०मध्ये विल्यम्समधून संगीत घेऊन बाहेर पडला आणि त्यानंतर मिल्टन बॅबिटकडे रचना शिकला. ब्रॉडवेच्या संगीतनाटकाचा चेहरा बदलणाऱ्याचं हे कॉलेजशिक्षण. पदवीनंतर वादनात किंवा गायनात मास्टर्स करायचं तर तिथेही ऑडिशनलाच वजन असतं. बी.ए. आड येत नाही, आड येतात ते त्या चार वर्षांत न झालेले रियाजाचे तास. ऑर्केस्ट्रात नोकरीच करायची असा पक्का निश्चय असेल, तर माझं मत बी.एम.कडे झुकतं. संगीतरचना, संगीताचा इतिहास, किंवा अजून काहीच ठरलेलं नाही, अशांना बी.ए. जास्त मोकळं पडतं.

दोन्ही हवं असणाऱ्यांसाठी पाच वर्षांची दुहेरी पदवी असते. तिला ‘डबल मेजर’ समजण्याची चूक बरेच जण करतात. डबल मेजर म्हणजे चार वर्षांत एकच पदवी, विषय दोन. दुहेरी पदवीत प्रमाणपत्रंही दोन, आणि ओबर्लिनमध्ये तर कॉलेज आणि कॉन्झर्व्हेटरी या दोन्हींचा प्रवेश वेगवेगळा मिळवावा लागतो. बार्ड कॉलेजची कॉन्झर्व्हेटरी २००५मध्ये सुरू झाली, ती याच अटीवर की पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने संगीताबरोबर दुसऱ्या एखाद्या विषयाचीही पदवी घ्यायची. पियानोवादक जेरेमी डेंकने ओबर्लिनमधून पियानो आणि रसायनशास्त्र अशा दोन पदव्या घेतल्या. ऐकायला छान वाटतं, पण फी पाचव्या वर्षाचीही भरायची असते, आणि प्रयोगशाळा व ऑर्केस्ट्राची तालीम एकाच वेळी आली की कशाला दांडी मारायची हे रोज ठरवावं लागतं.

‘छोटं कॉलेज, म्हणजे संगीत यथातथाच’ हा समज अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवा. मोठ्या विद्यापीठात मास्टर्स आणि डॉक्टरेटचे विद्यार्थी असतात, पुढच्या खुर्च्या आणि ऑपेरातल्या मुख्य भूमिका बहुधा त्यांच्याकडे जातात. छोट्या कॉलेजात तो मान अठरा-वीस वर्षांच्या पोरापोरींना मिळतो. सेंट ओलाफचा कॉयर १९१२चा, त्याचं नाव देशभर, आणि तिथल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत संगीत मेजर नसलेली मुलं भरपूर. सुविधांचंही तसंच. ओबर्लिनमध्ये २००च्या वर स्टाइनवे पियानो आहेत आणि रियाजाच्या खोल्या दीडशेच्या आसपास.

पण दुसरी अर्धी बाजूही पाहा. दोन हजारांच्या कॉलेजात बासून वाजवणारी तुमची मुलगी एकटीच असू शकते. मग तिला स्पर्धाही नाही आणि बरोबरीने वाजवणारंही कुणी नाही. म्हणून क्रमवारीच्या याद्या बाजूला ठेवा आणि संगीत विभागाचं शिक्षकांचं पान उघडा. आपल्या वाद्याच्या शिक्षकापुढे ‘प्रोफेसर’ लिहिलंय, की ‘लेक्चरर’ किंवा ‘आर्टिस्ट असोसिएट’? दुसऱ्या प्रकारचे शिक्षक बहुधा अर्धवेळ असतात, आठवड्यातून एक-दोन दिवस जवळच्या शहरातून येतात. ते उत्तम वादक असतीलही, पण बुधवारी अडलेली जागा सोडवायला सोमवार उजाडावा लागतो. वैयक्तिक शिकवणीची फी वेगळी पडते का, मेजर घेतल्यावर माफ होते का, गेल्या वर्षी याच वाद्याचे विद्यार्थी किती होते, हे ईमेलवर सरळ विचारावं. आणि ट्रायल लेसन मागावाच. शिक्षक एक ओळ पुन्हा वाजवायला लावतो तेव्हा काय पकडतो, बोलतो किती आणि ऐकतो किती, हे अर्ध्या तासात कळतं. कॉलेजच्या माहितीपत्रकात हे सापडायचं नाही.

‘आपलं शास्त्रीय तिथे कोण विचारतो?’ याचं उत्तर पदवीवर अवलंबून आहे. बी.एम.ला त्या कॉन्झर्व्हेटरीत शिकवलं जाणारं वाद्य किंवा गायनच लागतं, गांधर्व महाविद्यालयाचं विशारद त्याच्या जागी चालत नाही. बी.ए.साठी मात्र ख्यालाचं किंवा तबल्याचं रेकॉर्डिंग खुशाल पाठवावं. फक्त ऐकणारा माणूस राग ओळखणारा असेलच असं नाही आणि त्याच्यापुढे शेकडो फायली असतात. आठ मिनिटांच्या आलापाने सुरुवात केलीत तर बंदिशीपर्यंत तो पोचणारही नाही. मध्यलयीतली बंदिश आधी ठेवा. कनेक्टिकटमधल्या वेस्लियनची गोष्ट निराळी. तिथे कर्नाटक संगीत १९६०च्या दशकापासून रुजलं, बालसरस्वतींचे भाऊ टी. विश्वनाथन आणि टी. रंगनाथन यांनी अनेक वर्षं शिकवलं, आणि नवरात्रीचा संगीतोत्सव तिथे आजही होतो. हिंदुस्थानी गाणाऱ्याला हे घर शेजारचं वाटेल, पण परकं नाही. बाकी कुठेही गेलात तरी स्टाफ नोटेशन आणि हार्मनी चुकत नाही. सरगम डोक्यात पक्की असलेली मुलं सूर झटकन ओळखतात आणि चार स्वरांची मांडणी कागदावर लिहायची म्हटली की अडखळतात. निघण्याआधीच्या उन्हाळ्यात तेवढी तयारी करून घ्यावी.

पैशाबद्दल ‘संगीताला स्कॉलरशिप मिळते’ एवढंच ऐकून लोक गाफील राहतात. यातल्या अनेक कॉलेजांचा वर्षाचा खर्च ८०,००० डॉलरच्या वर आहे. ओबर्लिन आणि लॉरेन्स ऑडिशनच्या गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतात. विल्यम्स, ॲम्हर्स्ट गुणवत्तेवर काहीच देत नाहीत, तिथे मदत घरच्या उत्पन्नावर ठरते. ॲम्हर्स्ट आणि बोडन तर परदेशी अर्जदाराचा प्रवेश ठरवतानाही त्याची ऐपत पाहत नाहीत. त्यामुळे पुण्याच्या मध्यमवर्गीय घराला ‘महागडं’ ॲम्हर्स्ट प्रत्यक्षात स्वस्त पडू शकतं, अर्थात प्रवेश मिळाला तर, आणि तो फार थोड्यांना मिळतो. बहुतेक निकाल मार्चअखेरपर्यंत लागतात आणि १ मेपर्यंत उत्तर कळवायचं असतं. ट्रायल लेसन राहून गेला असेल तर त्या महिन्याभरात मागता येतो, ऑनलाइनही.